कूलरचं कव्हर मशीनवर घेण्याआधी मॉडेलची डागडुजी

ट्रॉलरच्या इंजिनाचा हीट एक्स्चेंजर, म्हणजे बोटवाल्यांचा कूलर. त्याचं गनमेटलचं (तांबं-कथलाच्या मिश्रधातूचं) कव्हर खारं पाणी हळूहळू खातं. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून मिरजोळे एमआयडीसीत असा जॉब येतो तेव्हा सोबत ड्रॉइंग क्वचितच असतं. येतो तो झिजलेला नमुना, फार तर कुणीतरी कॉम्प्युटरवर केलेलं थ्रीडी मॉडेल. ते तसंच कॅममध्ये, म्हणजे मशीनचा प्रोग्रॅम बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, टाकू नका. मूळ फाइल बाजूला ठेवून मशीनिंगसाठी वेगळी कॉपी करा.

फाइल स्टेप (STEP) फॉरमॅटमध्ये मागा. आयजेस (IGES) फॉरमॅटमध्ये सॉलिडचे सुटे सरफेस होऊन येतात, ते शिवत बसावं लागतं, 0.01 मिमी टॉलरन्सवर शिवले गेले नाहीत, तर तो भाग नव्याने काढणं जास्त सोपं. स्कॅनची एसटीएल (STL) फाइल म्हणजे नुसते त्रिकोण, त्यात भोकसुद्धा खरं गोल नसतं. ती खाली ठेवून वर नवीन स्केच काढा. उघडल्या उघडल्या एक लांबी मोजा. 25.4 पटीची चूक दिसली, तर इंच-मिमीचा घोळ आहे.

नमुन्यावरून काढताना झीज उतरवू नका. बोल्टच्या भोकांसाठी समोरासमोरच्या दोन भोकांचं बाहेरून बाहेर आणि आतून आत माप घ्या. 99.1 आणि 85.1 आलं, तर सरासरी 92.1. तिन्ही जोड्या बघून पीसीडी (भोकांच्या केंद्रांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास) 92 धरायला हरकत नाही. फ्लँजचा (बोल्टच्या कडेचा) चेहरा आणि कव्हरच्या आत पाणी विभागणाऱ्या मधल्या पडद्याचं टोक मात्र एकाच प्लेनवर घ्या. स्कॅनमध्ये दोघांत 0.2 मिमीचा फरक सहज दिसतो. तो तसाच मशीन झाला, तर गॅस्केट पडद्यावर दाबलं जात नाही, पाणी आतल्या आत पलीकडे पळतं आणि इंजिन तापतं. बाहेर थेंबही गळत नाही, म्हणून ही चूक शोधायला सगळ्यात वाईट.

मूळ कव्हर ओतीव असल्याने भिंतींना दोन-तीन अंशांचा ड्राफ्ट, म्हणजे साच्यातून निघण्यासाठीचा उतार, असतो. ठोकळ्यातून काढायचं तर तो कशाला? उतरत्या भिंतीवर सरळ एंडमिलने पायऱ्या पडतात, त्या बॉलनोजने (गोल टोकाच्या कटरने) साफ करण्यात वेळ जातो. पडद्याला जाडी हवी असेल तर ती सरळ भिंतीतच वाढवा.

कोपऱ्यांवर थोडं थांबा. पॉकेट 30 मिमी खोल असेल, तर 10 मिमीचं टूल धरा आणि उभ्या कोपऱ्यांना 6 मिमी त्रिज्या द्या. नेमकी 5 दिली, तर कोपऱ्यात टूल अचानक भरून कापतं, थरथरतं आणि तिथे खुणा उमटतात. तळाचे फिलेट (गोलावलेले कोपरे) गरज नसेल तर काढा. सॉलिडवर्क्समध्ये डिलीट फेस घेताना डिलीट अँड पॅच निवडा, आणि एकमेकांना भिडलेले फिलेट एकदमच सिलेक्ट करा, नाहीतर पॅच बसत नाही.

आटे मॉडेलमध्ये नकोत. एम10×1.5 साठी साधं 8.5 मिमीचं भोक ठेवा. आटे 20 मिमी हवे असतील, तर ड्रिल 26 पर्यंत जाऊ द्या.

फिटिंगची मापं टॉलरन्सच्या मध्यावर आणा. 80 एफ7 (लहान f, म्हणजे भोकात बसणाऱ्या भागाचं टॉलरन्स) म्हणजे 79.940 ते 79.970, तेव्हा कॉपीत 79.955 करा. मॉडेल 80 वरच राहिलं, तर प्रोग्रॅम 80 च कापणार.

जी54 चा, म्हणजे मशीनवर जॉबची मापं जिथून मोजली जातात तो, शून्य व्हाइसमध्ये हात पोहोचेल अशा, आधी मशीन झालेल्या चेहऱ्यावर घ्या.

शेवटी वजन बघा. घनता सुमारे 8.7 टाकून मॉडेलचं वजन काढा आणि स्वच्छ केलेला नमुना काट्यावर ठेवा. ड्राफ्ट आणि फिलेट काढल्याने थोडा फरक पडेल, पण झिजलेलं जुनं कव्हर मॉडेलपेक्षा बरंच जड भरलं, तर पॉकेटची खोली किंवा एखाद्या भिंतीची जाडी चुकली आहे.