तुमच्याकडचा ‘स्टार वॉर्स’ कोणत्या सालचा? प्रत ओळखायची कशी

पहिल्या चित्रपटातल्या मॉस आयझलीच्या कँटिनात, म्हणजे गुत्त्यात, गोळी आधी तस्कर हान सोलोने झाडली की त्याला पकडायला आलेल्या ग्रीडोने, यावर ‘स्टार वॉर्स’चे चाहते १९९७ पासून भांडत आहेत. पुष्कळदा या भांडणात दोघंही खरं बोलत असतात, कारण दोघांनी पाहिलेला चित्रपट एक नसतो. १९७७, १९८० आणि १९८३ साली आलेल्या तीन मूळ चित्रपटांत पुढे १९९७, २००४, २०११ आणि २०१९ अशा चार टप्प्यांत बदल होत गेले. नाव तेच राहिलं, वेष्टनावरचे चेहरेही बहुतेक तेच. आतला चित्रपट मात्र वेगळा.

म्हणून वाद घालण्याआधी, जुनी डिस्क विकत घेण्याआधी किंवा घरातल्या मुलांना पहिल्यांदा हे चित्रपट दाखवण्याआधी आपल्या हातात कोणती प्रत आहे हे ठरवता आलं पाहिजे. त्याची रीत पुढे दिली आहे. कथानकातले शेवटचे प्रसंगही त्यात येतात, तेव्हा ज्यांनी चित्रपट पाहिले नसतील त्यांनी आधी ते पाहावेत.

पायरी १ : माध्यम पाहा

सर्वांत आधी वस्तू हातात घ्या. कॅसेट आहे, डीव्हीडी आहे, ब्लू-रे आहे की ४के डिस्क? एवढ्यावरून निम्मं काम होतं.

ब्लू-रे किंवा ४के डिस्क असेल तर ती मूळ आवृत्ती नाही. अधिकृत ब्लू-रे २०११ साली आली, ४के डिस्क २०२० साली, आणि दोन्हींत बदललेलेच चित्रपट आहेत. ‘मूळ आवृत्तीची ब्लू-रे’ म्हणून कुणी काही विकत असेल तर ती अधिकृत प्रत नव्हे. डिस्ने प्लसवर दिसते ती २०१९ ची आवृत्ती, आणि ४के डिस्कवरही तीच.

कॅसेट असेल तर उलट. १९९७ च्या आधीच्या सगळ्या कॅसेटींत न बदललेला चित्रपट आहे. १९९५ साली निघालेला संच सहज ओळखता येतो: त्या तीन वेष्टनांवर काळ्या मुखवट्यातला खलनायक वेडर, पांढऱ्या चिलखतातला सैनिक स्टॉर्मट्रूपर आणि बुटका गुरू योडा यांचे मोठे चेहरे आहेत. मूळ स्वरूपात घ्यायची ही शेवटची संधी, अशी त्या संचाची जाहिरात झाली होती. कॅसेटीवर ‘स्पेशल एडिशन’ लिहिलेलं असेल तर ती १९९७ ची किंवा त्यानंतरची.

खरा घोटाळा डीव्हीडीत आहे. २००४ च्या संचात फक्त बदललेले चित्रपट होते. सप्टेंबर २००६ मध्ये प्रत्येक चित्रपट सुटा, दोन डिस्कच्या वेष्टनात, मर्यादित काळासाठी विकायला आला. त्यात पहिल्या डिस्कवर २००४ चीच आवृत्ती आहे, आणि जोडभेट म्हणून दिलेल्या दुसऱ्या डिस्कवर मूळ चित्रपट. अनेक जण वेष्टनावर ‘मूळ’ वाचतात, सवयीने पहिली डिस्क लावतात आणि आपण मूळ चित्रपट पाहिला असं पुढची कितीतरी वर्षं समजत राहतात. हा संच जुना विकत घेताना विकणाऱ्याकडून दोन्ही डिस्कचा फोटो मागवा. दुसरी डिस्क नसेल तर ज्यासाठी संच घ्यायचा तेच त्यात नाही.

पायरी २ : लांबीवर एकट्या विसंबू नका

पहिल्या चित्रपटाची मूळ लांबी साधारण १२१ मिनिटं आणि १९९७ नंतरची साधारण १२५. मग प्लेअरवर वेळ पाहून लगेच निकाल लागावा, असं वाटतं. तसं होत नाही, आणि याचा सर्वाधिक त्रास आपल्याकडच्या आणि ब्रिटनमधल्या संग्राहकांना होतो.

चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमने चित्रित होतो. पाल या आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीच्या कॅसेटी आणि डीव्हीडी सेकंदाला २५ फ्रेम दाखवतात, त्यामुळे त्यांत अख्खा चित्रपट सुमारे चार टक्के जलद धावतो. १२५ मिनिटांची बदललेली आवृत्ती पालवर १२० मिनिटांत संपते, म्हणजे अमेरिकेतल्या मूळ आवृत्तीच्या जवळ जाऊन बसते. पालवरची खरी मूळ आवृत्ती ११६ मिनिटांच्या आसपास भरते. तेव्हा आधी डिस्कच्या मागे पाल लिहिलंय की एनटीएससी, म्हणजे अमेरिकेतली पद्धत, ते वाचा, आणि मगच मिनिटं मोजा. ब्लू-रेवर चित्रपट मूळ वेगानेच चालतो, तिथे ही अडचण नाही.

पायरी ३ : तिसऱ्या चित्रपटाचा शेवट लावा

तिन्ही चित्रपटांचा संच असेल तर सुरुवात शेवटापासून करा. ‘रिटर्न ऑफ द जेडाय’च्या शेवटच्या काही मिनिटांत जवळजवळ सगळी उत्तरं मिळतात.

इवॉक, म्हणजे जंगलातले केसाळ बुटके जीव, आपल्या भाषेत गाणं म्हणतायत, चाहते ज्याला ‘यब नब’ म्हणतात ते, आणि जल्लोष फक्त एंडॉरच्या जंगलात आहे? मग ती १९८३ ची मूळ आवृत्ती. गाणं जाऊन जॉन विल्यम्स यांचं नवं संगीत आलंय, आणि जल्लोष टॅटूइन, बेस्पिन, कोरुसांट असा ग्रहाग्रहांवर दिसतोय? मग १९९७ किंवा त्यानंतरची.

आता नायक ल्यूककडे पाहणाऱ्या तीन तेजोमय आकृतींपैकी अनाकिनचा, म्हणजे वेडरच्या मूळ रूपाचा, चेहरा पाहा. वयस्कर सेबॅस्टियन शॉ दिसले तर १९९७. त्यांच्या जागी तरुण हेडन क्रिस्टेन्सन असेल तर २००४ किंवा त्यानंतरची.

मग थोडं मागे जा. सम्राट ल्यूकवर विजेचे लोळ सोडतोय आणि वेडर त्याला उचलून खोल खाईत फेकतो, तो प्रसंग. वेडर एक शब्दही न बोलता फेकत असेल तर २००४. ‘नो’ म्हणून ओरडत असेल तर २०११ किंवा २०१९. माझ्या मते चारही टप्प्यांतला हा सर्वांत वाईट बदल. त्या मुखवट्याला भाव नाहीत, आणि तरीही तो ल्यूककडून सम्राटाकडे आणि पुन्हा ल्यूककडे वळतो तेव्हा आत काय चाललंय ते सगळं कळतं. दिग्दर्शक रिचर्ड मार्क्वँड यांनी ते शांततेवर सोडलं होतं. शब्द आल्यावर प्रेक्षकाला स्वतः काही ओळखायचं उरत नाही.

आता उरला २०११ की २०१९, एवढाच प्रश्न. त्यासाठी पहिल्या चित्रपटातला कँटिनाचा प्रसंग लावा. मरण्याआधी ग्रीडो ‘मॅक्लंकी’ असं काहीतरी म्हणत असेल तर २०१९. नसेल तर २०११.

एकच चित्रपट हाती असेल तर

फक्त पहिला चित्रपट असेल तर आधी सुरुवातीचा पिवळा मजकूर वाचा. १९७७ साली चित्रपट आला तेव्हा त्यावर ‘एपिसोड ४’ आणि ‘अ न्यू होप’ हे शब्द नव्हते. ते १९८१ च्या पुनःप्रदर्शनात जोडले गेले. त्यामुळे एरवी मूळ असलेल्या जुन्या कॅसेटींवरही ते दिसतात. २००६ च्या दुसऱ्या डिस्कवर मात्र १९७७ चाच मजकूर आहे.

नंतर कँटिना. मूळ आवृत्तीत ग्रीडो गोळी झाडतच नाही. टेबलाखालून हान एकटा झाडतो. १९९७ मध्ये ग्रीडो आधी झाडतो आणि अगदी समोर बसूनही त्याचा नेम चुकतो. २००४ पासून दोघं जवळजवळ एकाच क्षणी झाडतात. पुढे गोदीत हानला गुन्हेगारांचा म्होरक्या जब्बा भेटला तर प्रत मूळ नाही. तो प्रसंग १९७६ मध्ये डेक्लन मलहॉलंड या नटाला घेऊन चित्रित झाला होता, पण वापरला गेला नाही. १९९७ मध्ये नटाच्या जागी संगणकावर तयार केलेला जब्बा बसवून तो परत आणला. २००४ साली तोच जब्बा पुन्हा नव्याने घडवला.

दुसरा चित्रपट, ‘एम्पायर स्ट्राइक्स बॅक’, असेल तर वेडरशी बोलणारा सम्राट पाहा. मूळ आवृत्तीतला चेहरा एका स्त्रीच्या चेहऱ्यावर मुखवटा चढवून तयार केला होता, त्यावर चिंपांझीचे डोळे बसवले होते, आणि आवाज क्लाइव्ह रेव्हिल यांचा होता. २००४ पासून तिथे इयान मॅक्डायर्मिड आहेत. सम्राट जुनाच असेल पण वेडरला नाकारून ल्यूक खाली कोसळताना किंचाळत असेल, तर ती १९९७ चीच प्रत. ही किंकाळी त्या वर्षी आली आणि २००४ मध्ये काढली गेली. २००४ च्या पुढच्या आवृत्त्यांत या चित्रपटापुरते फरक फार बारीक आहेत. तिथे माध्यम आणि प्रकाशनाचं साल पाहूनच ठरवा.

पायरी ४ : २००६ ची दुसरी डिस्क नीट पाहण्यासाठी

या डिस्कसाठी नवी प्रत तयार केली नव्हती. १९९३ च्या लेझरडिस्कसाठी (डीव्हीडीच्या आधीची मोठी डिस्क) बनवलेलीच प्रत वापरली. ती जुन्या चौकोनी टीव्हीसाठी आहे, त्यामुळे आजच्या रुंद टीव्हीवर चित्र मधे लहान दिसतं आणि चारही बाजूंना काळं राहतं. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘झूम’ निवडा, ‘स्ट्रेच’ नको. स्ट्रेचने माणसं बुटकी आणि रुंद होतात. आवाज दोन चॅनेलचा आहे.

अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून डिस्क मागवत असाल तर रीजन, म्हणजे डिस्क कोणत्या भागातल्या प्लेअरवर चालेल याचा संकेत, तपासा. डीव्हीडीत अमेरिका १ आणि भारत ५, ब्लू-रेत अमेरिका ए आणि भारत सी. आपला प्लेअर सर्व रीजन वाचणारा नसेल तर डिस्क लागणारच नाही. ४के डिस्कला रीजनचं बंधन नसतं.

पायरी ५ : वाद घालताना

प्रत ठरली की मगच चर्चा सुरू करा, आणि पहिल्याच वाक्यात साल सांगा. दुसरी गोष्ट म्हणजे तीन प्रश्नांची गल्लत करू नका: बदल चांगला आहे का, बदल करायचा हक्क कुणाचा, आणि जुनी प्रत मिळायला हवी का.

पहिल्या प्रश्नावर प्रसंगागणिक बोला. ‘एम्पायर’मधल्या क्लाउड सिटीच्या बंदिस्त भिंतींना १९९७ मध्ये खिडक्या मिळाल्या आणि ते शहर खरोखर ढगांत तरंगू लागलं. हा बदल मला मनापासून आवडतो. ‘जेडाय’च्या शेवटचं नवं संगीतही जुन्या गाण्यापेक्षा मोठा श्वास घेतं. पण जब्बाच्या महालात घातलेलं नवं गाणं तिथली भीती घालवतं. हानच्या गोळीचा मुद्दा तर स्वभावचित्रणाचाच आहे. जो माणूस स्वतःचा जीव वाचवायला थंडपणे आधी गोळी घालतो, तोच शेवटी पैसे घेऊन निघून गेल्यावर मित्रासाठी परत फिरतो. सुरुवातीचा तो थंडपणा काढून टाकला की परत येण्यातलं अंतर कमी होतं.

दुसऱ्या प्रश्नावर ‘स्टार वॉर्स’चे कर्ते जॉर्ज लुकास यांचा हक्क मी मान्य करतो. चित्रपट त्यांचा होता, आणि १९७७ मध्ये पैसा आणि वेळ अपुरा पडला हे त्यांनी वारंवार सांगितलंय.

तिसऱ्या प्रश्नावर मात्र मी ठाम आहे. मार्च १९८८ मध्ये लुकास स्वतः अमेरिकी संसदेच्या समितीसमोर जुन्या चित्रपटांत फेरफार करण्याविरुद्ध, त्यांना रंग चढवण्याविरुद्ध बोलले होते. चित्रपट हा लोकांच्या सांस्कृतिक वारशाचा भाग आहे, हाच त्यांचा मुद्दा होता. पुढच्याच वर्षी, १९८९ मध्ये, ‘स्टार वॉर्स’ अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीच्या पहिल्या यादीत आला. पहिल्या चित्रपटाला दृश्य परिणामांसाठी, संकलनासाठी आणि ध्वनीसाठी ऑस्कर मिळाले. ते ज्या कामासाठी मिळाले ते काम आज दुकानातल्या डिस्कवर धड पाहता येत नाही. नवी आवृत्ती जरूर ठेवा, तिच्या शेजारी जुनीही ठेवा, एवढीच ही मागणी आहे.

पायरी ६ : मूळ चित्रपट चांगल्या दर्जात हवा असेल तर

चाहत्यांनी आपापल्या पातळीवर काम केलंय. ‘४के७७’ हा प्रकल्प चित्रपटगृहांत फिरलेल्या ३५ मिलिमीटर प्रती स्कॅन करून उभा राहिला. ‘डीस्पेशलाइज्ड’ आवृत्तीत अधिकृत डिस्कमधले बदल शॉटगणिक मागे घेतले आहेत. या कष्टांबद्दल मला आदर आहे, पण या प्रती अधिकृत नाहीत आणि त्यांची विक्री तर सरळ बेकायदा आहे. कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका.

खरी अडचण फिल्ममध्ये आहे. त्या काळच्या रंगीत फिल्मचे रंग उडतात, आणि १९९७ च्या कामात नवे तुकडे मूळ निगेटिव्हमध्येच जोडले गेले. ब्रिटनमध्ये टेक्निकलरच्या रंग-हस्तांतरण पद्धतीने छापलेल्या १९७७ च्या प्रतींचे रंग मात्र टिकून आहेत. अशी एक प्रत जून २०२५ मध्ये लंडनला ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या महोत्सवात दाखवली गेली. पन्नासाव्या वर्षानिमित्त २०२७ मध्ये १९७७ ची आवृत्ती नव्याने दुरुस्त करून चित्रपटगृहांत आणायचं लुकासफिल्मने जाहीर केलंय.

ती आली की ध्वनीकडेही लक्ष द्या, कारण १९७७ मध्येच त्याची तीन मिश्रणं होती: ७० मिलिमीटर प्रतींसाठी सहा ट्रॅकचं, ३५ मिलिमीटरसाठी डॉल्बी स्टिरिओ, आणि साध्या चित्रपटगृहांसाठी मोनो. मोनो ओळखायला ल्यूकच्या बेरूकाकूचं बोलणं ऐका. स्टिरिओत तिचा आवाज वेगळा आहे.