रवा लावून तळलेली सुरमई

चार जणांसाठी सुरमईच्या ८ तुकड्या पुरेशा होतात. त्या कोळणीकडून फार जाड कापून घेऊ नयेत, कारण जाड तुकडी आतून शिजेपर्यंत बाहेरचा रवा करपतो. धुतलेल्या तुकड्यांचे पाणी पूर्ण निथळू द्यावे आणि मग त्यांना हळद, लाल तिखट, आले-लसणाचे वाटण व २ चमचे कोकमाचे आगळ चोळून २० मिनिटे ठेवावे. आगळ बहुधा खारट असते, म्हणून मीठ बेतानेच घालावे.

आवरणासाठी ३ भाग बारीक रव्यात १ भाग तांदळाचे पीठ मिसळावे. नुसता रवा तव्यावर सुटतो, तर पीठ तुकडीवरचा ओलावा शोषून त्याला धरून ठेवते. तुकड्या आधीच घोळवून ठेवल्यास रवा भिजतो व कुरकुरीतपणा जातो. म्हणून प्रत्येक तुकडी तव्यात सोडतानाच घोळवावी.

तेल चांगले तापल्यावर आच मध्यम करून प्रत्येक बाजू सुमारे ४ मिनिटे तळावी, आणि खालची बाजू सोनेरी होऊन आपोआप सुटेपर्यंत तिला उलथने लावू नये. मुलांना वाढण्यापूर्वी मधला काटा आठवणीने काढावा.