डायब्लो २: हेलमध्ये कॅरेक्टर अडकतं ते का? या चुका टाळा

डायब्लो २ हा संगणकावरचा खेळ नॉर्मल, नाइटमेअर आणि हेल अशा तीन डिफिकल्टींत (काठिण्य पातळ्यांत) खेळला जातो. त्यातली नॉर्मल जवळजवळ सगळं खपवून घेते. एनर्जीत (मॅना, म्हणजे जादूची शक्ती वाढवणाऱ्या गुणात) पॉइंट घाला, चार-पाच स्किलमध्ये थोडंथोडं वाटून टाका, अंगावर सापडेल ते चिलखत चढवा, तरी शेवटचा बॉस बाल मरतो. चुकीची किंमत दोन डिफिकल्टी पुढे, हेलमध्ये मोजावी लागते, आणि तोवर चूक नेमकी कुठे झाली हे आठवतही नाही. मूळ खेळ २००० चा, लॉर्ड ऑफ डिस्ट्रक्शन हा विस्तार २००१ चा आणि रिझरेक्टेड ही नव्याने केलेली आवृत्ती २०२१ ची. खालचे आकडे विस्तारासह खेळणाऱ्यांसाठी आहेत.

रेझिस्टन्सचं गणित

‘हेलमध्ये एका फटक्यात मरतो’ ही सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार. आधी कॅरेक्टर स्क्रीन उघडा. आग, थंडी, वीज आणि विष या चारही रेझिस्टन्समधून (त्या प्रकारचा डॅमेज किती टक्के अडतो, त्या आकड्यातून) नाइटमेअरमध्ये ४० वजा होतात, हेलमध्ये १००. कमाल मर्यादा साधारणपणे ७५. समजा नॉर्मलमध्ये तुमच्या सामानातून बरोबर ७५ मिळतायत. तेच सामान घालून नाइटमेअरमध्ये गेलात की ३५ उरतात आणि हेलमध्ये उणे २५. म्हणजे १०० डॅमेजचा जो वार नॉर्मलमध्ये २५ लागत होता, तोच आता १२५ लागतो. पाचपट! व्हायटॅलिटी (लाइफ वाढवणारा गुण) कितीही वाढवली तरी ही तूट भरून निघत नाही.

पाचव्या अ‍ॅक्टमध्ये आन्या या पात्राला बर्फातून सोडवलं की गावातली माला एक स्क्रोल देते. त्यावर राइट-क्लिक करून तो वाचावा लागतो, तेव्हा चारही रेझिस्टन्स कायमचे १० ने वाढतात. तीन डिफिकल्टींचे मिळून ३०. बरेच जण तो स्क्रोल स्टॅशमध्ये (सामानाच्या पेटीत) तसाच ठेवतात, मग सहा महिन्यांनी सापडतो. हे ३० धरले तर हेलमध्ये ७५ गाठायला सामानातून १४५ लागतात. हा आकडा नाइटमेअरमध्ये असतानाच डोळ्यांसमोर ठेवा. त्या वेळी ७५ च्या वरचे पॉइंट वाया गेल्यासारखे दिसतात, पण हेलच्या दारात तेच कामी येतात.

स्किल पॉइंट विखुरणं

दर लेव्हलला एक स्किल पॉइंट मिळतो. शिवाय ठरावीक कामगिऱ्यांचे वेगळे: डेन ऑफ ईव्हिलचा एक, राडामेंटचा एक आणि इझ्युअलचे दोन, असे प्रत्येक डिफिकल्टीत चार, एकूण बारा. राडामेंटकडून पडणारं पुस्तकही वाचावं लागतं, नुसतं उचलून भागत नाही.

पॅच १.१० पासून सिनर्जी आहे (एका स्किलमधले पॉइंट ठरावीक दुसऱ्या स्किलचाही जोर वाढवतात), म्हणून ‘सगळ्यांत थोडं थोडं’ ही पद्धत चालत नाही. ब्लिझार्ड स्किलवर चालणाऱ्या सॉरसरेसचंच (जादूगार क्लासचं) उदाहरण घ्या. लेव्हल ८० ला तिच्याकडे ७९ अधिक १२, म्हणजे ९१ पॉइंट असतात. ब्लिझार्ड, आइस बोल्ट, आइस ब्लास्ट आणि ग्लेशियल स्पाइक प्रत्येकी २० केले की ८० संपले. फ्रॉस्ट नोव्हा, वॉर्म्थ, टेलिकिनेसिस, स्टॅटिक फील्ड आणि टेलिपोर्टला एकेक दिला की ८५. उरले सहा, ते कोल्ड मास्टरीत. यात फायरबॉलला जागाच नाही. गंमत म्हणून वाटलेले दहा पॉइंट म्हणजे इथली अर्धी सिनर्जी गेली.

हाताशी असलेलं रीसेट जपून वापरा. पॅच १.१३ पासून प्रत्येक डिफिकल्टीत डेन ऑफ ईव्हिल पूर्ण केलं की पहिल्या शहरातली अकारा एकदा सगळे पॉइंट परत देते. लगेच घेतलं नाही तरी ते बुडत नाही. त्यामुळे नॉर्मलचं रीसेट लेव्हल २४ ते ३० पर्यंत, मुख्य स्किल उघडेपर्यंत राखून ठेवणं उत्तम. तिन्ही संपली तर हेलच्या बॉसकडून पडणारे चार वेगवेगळे एसेन्स होराड्रिक क्यूबमध्ये (वस्तू मिसळून नवी बनवणाऱ्या पेटीत) एकत्र करून टोकन ऑफ अ‍ॅब्सोल्यूशन बनवावं लागतं, आणि ते सहजी जमत नाही.

सॉरसरेसला एनर्जी, बार्बेरियनला डेक्स्टेरिटी

मॅना संपतो म्हणून एनर्जी वाढवणं हा चुकीच्या जागी केलेला उपाय. मॅनाची तक्रार मर्सेनरीच्या (भाड्याच्या साथीदाराच्या) हातात इनसाइट हे रूनवर्ड (ठरावीक रून क्रमाने बसवून बनणारी वस्तू) दिलं की मिटते: चार सॉकेटचं (खाचांचं) पोलआर्म, त्यात रल, तिर, ताल, सोल या रून याच क्रमाने. त्याची मॅना भरणारी मेडिटेशन ऑरा तुम्हालाही लागू होते. तुमचे पॉइंट मात्र व्हायटॅलिटीत जाऊ द्या. एका व्हायटॅलिटीला बार्बेरियनला ४ लाइफ मिळतं. ॲमेझॉन, पॅलाडिन, असॅसिनला ३. सॉरसरेस, नेक्रोमॅन्सर, ड्रुइडला २. स्ट्रेंग्थ फक्त सामान घालण्यापुरती. आणि ती शेवटी घाला, आधी चार्म (नुसत्या जवळ बाळगायच्या वस्तू) व सामानातून किती मिळते ते बघून. मोनार्क ढालीला १५६ लागते, सॉरसरेसची सुरुवात १० पासून होते. सगळी पॉइंटांतून भरली तर जवळपास तीस लेव्हलचे पॉइंट गेले.

रूनवर्ड बनत नाही

चारही रून बसवल्या आणि वस्तूचं नाव बदललंच नाही, तर या गोष्टी तपासा. वस्तू पांढरी किंवा राखाडी हवी. निळी, पिवळी, हिरवी, सोनेरी चालत नाही. सॉकेट नेमकी तेवढीच हवीत. क्रम एकही चुकता कामा नये.

सॉकेटच्या संख्येत सर्वांत जास्त फसतात ते क्रिस्टल सोर्डवर. स्पिरिट या रूनवर्डला चार सॉकेट लागतात, क्रम ताल, थुल, ऑर्ट, आम्न. लारझुक हा लोहार साध्या वस्तूला त्या वस्तूच्या आयटम लेव्हलप्रमाणे जास्तीत जास्त सॉकेट पाडतो. क्रिस्टल सोर्डची आयटम लेव्हल २६ ते ४० असेल तर चार, ४१ किंवा जास्त असेल तर सहा. हेलमध्ये सापडलेली तलवार त्याला दिली की सहा पडतात आणि स्पिरिट गेलं. नॉर्मलच्या काऊ लेव्हलमध्ये (गायींच्या गुप्त भागात) पडलेली द्या, बरोबर चार येतात. ब्रॉड सोर्डची कमाल चारच आहे, म्हणून ती जास्त सुरक्षित. आम्न नसेल तर तीन थुल आणि एक चिप्ड टोपाझ क्यूबमध्ये टाका.

कास्ट रेटचे टप्पे

फास्टर कास्ट रेट (स्किल टाकण्याचा वेग) एकेक टक्क्याने वेग वाढवत नाही, ठरावीक टप्प्यांवर उडी मारतो. सॉरसरेसचे टप्पे ९, २०, ३७, ६३, १०५ आणि २००. म्हणजे ६३ आणि १०४ यांत काडीचाही फरक नाही. १०४ वर अडकलेली अंगठी बदलून एक टक्का मिळवा, किंवा ६३ वर येऊन ती जागा रेझिस्टन्सला द्या. लाइटनिंग आणि चेन लाइटनिंगला हे टप्पे लागू नाहीत, त्यांचा तक्ता वेगळा: ७, १५, २३, ३५, ५२, ७८, ११७, १९४. पॅलाडिन आणि नेक्रोमॅन्सरसाठी ७५ व १२५ हे लक्षात ठेवायचे मोठे टप्पे.

ट्रॅप असॅसिनला कास्ट रेटचा ट्रॅप लावण्यासाठी उपयोग नाही. तिथे अटॅक स्पीड मोजला जातो. एका वेळी पाचच ट्रॅप उभे राहतात. डेथ सेन्ट्रीला स्फोटासाठी प्रेत लागतं, म्हणून आधी लाइटनिंग सेन्ट्री लावा, पहिला शत्रू पडू द्या, मग डेथ सेन्ट्री.

क्लासनिहाय छोट्या चुका

नेक्रोमॅन्सरचा एका शत्रूवर एकच कर्स (शाप) राहतो, नवा पडला की जुना पुसतो. कॉर्प्स एक्सप्लोजनचा (प्रेत फोडणाऱ्या स्किलचा) अर्धा डॅमेज फिजिकल असतो, म्हणून आधी तो वाढवणारा कर्स, अ‍ॅम्प्लिफाय डॅमेज. हॅमर पॅलाडिनच्या उजव्या बटणावर कॉन्सन्ट्रेशन ऑरा आहे ना, हे प्रत्येक वेळी बघा. पळण्यासाठी व्हिगर लावली आणि विसरली तर हॅमरचा जोर उतरतो. बार्बेरियनने आधी बॅटल कमांड आणि मगच बॅटल ऑर्डर्स द्यावी. कोल्ड सॉरसरेसने एक लक्षात घ्यावं: कोल्ड मास्टरी पॉइंट ओतून थंडीची इम्युनिटी (शत्रूला थंडीचा डॅमेज अजिबात न लागणं) मोडत नाही. त्यासाठी २०२२ मध्ये आलेले संडर चार्म आहेत, आणि ते स्वतःचं रेझिस्टन्स खातात, म्हणून वरचं गणित पुन्हा करा.

मेल्यानंतर

नाइटमेअरमध्ये मेलं की ५ टक्के, हेलमध्ये १० टक्के अनुभव जातो. त्याच गेममध्ये प्रेत गाठलं तर गेलेल्याचे ७५ टक्के परत येतात. घाबरून सेव्ह अँड एक्झिट केलं तर प्रेत शहरात मिळतं, सामान वाचतं, अनुभव मात्र परत येत नाही. ज्या खोलीत मेलात ती गर्दीने भरलेली असेल तर अनुभव सोडून द्या. मोकळ्या अंगाने पुन्हा शिरून दुसऱ्यांदा मेलात तर दोन प्रेतं होतात, आणि बाहेर पडल्यावर त्यांतलं जास्त किमती सामानाचं एकच टिकतं.