एअरसॉफ्टचं गॅस मॅगझिन: भरणं आणि जपणं

एअरसॉफ्ट म्हणजे प्लास्टिकचे छर्रे उडवणाऱ्या नकली बंदुकींचा खेळ, आणि गॅस मॅगझिन म्हणजे अशा बंदुकीतला छर्रे आणि गॅस भरायचा कप्पा. जमिनीवरून उचललेले 6 मिलिमीटरचे छर्रे पुन्हा भरू नका. मातीचा कणही फीड, म्हणजे छर्ऱ्यांचं पुढे सरकणं, अडवतो. गॅस भरताना मॅगझिन उलटं धरा आणि वरून गॅसचा डबाही उलटा करून त्याची नळी व्हॉल्व्हवर सरळ दाबा, म्हणजे द्रवरूप गॅस आत उतरतो. नळी तिरकी झाली तर तो बाहेरच फवारतो.

गळती बहुतेकदा सुकलेल्या ओ-रिंगमुळे (गॅस अडवणाऱ्या गोल रबरी सीलमुळे) होते. फिल व्हॉल्व्हमध्ये (गॅस भरायच्या व्हॉल्व्हमध्ये) सिलिकॉन तेलाचे दोन थेंब टाकून गॅस भरा, तेल आत पसरतं. यंत्राचं साधं तेल मात्र अजिबात नको, त्याने रबर फुगतं.

ठेवताना छर्रे काढा, स्प्रिंग मोकळी राहू द्या. थोडा गॅस आत असू द्या, सील घट्ट बसून राहतात. उन्हातल्या गाडीत मात्र कधीच ठेवू नका, दाब धोकादायक वाढतो.