कुत्र्यांकडून पक्षी हटवताना या चुका टाळा

तळ्याकाठची बाग, गोल्फचं मैदान किंवा समुद्रकिनारा यांवर पक्ष्यांनी ठाण मांडलं की तक्रारी ठरलेल्या असतात. पायवाटांवर विष्ठा, उपटलेली हिरवळ, घाण झालेलं पाणी, आणि घरट्यांच्या दिवसांत माणसांच्या अंगावर धावून येणारे नर. विमानतळावर तर प्रश्न थेट जिवाचा असतो. १५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कहून उडालेलं यूएस एअरवेजचं विमान कॅनडा गूज जातीच्या हंसांना धडकलं. दोन्ही इंजिनं निकामी झाली आणि विमान हडसन नदीत उतरवावं लागलं. आतले सगळे १५५ जण वाचले. आता ही धडक सुमारे २,८०० फुटांवर झाली होती, तिथे कुत्रा काय करणार, असं कुणी म्हणालं तर ते बरोबरच आहे. कुत्र्याची सत्ता जमिनीवर आणि काठालगतच्या पाण्यावर, त्यापलीकडे नाही.

पण जमिनीवर कुत्र्याकडून पक्षी हाकण्याची ही पद्धत चालते. अमेरिकेत फ्लोरिडातल्या साउथवेस्ट फ्लोरिडा इंटरनॅशनल विमानतळाने १९९९ मध्ये जेट नावाची बॉर्डर कॉली जातीची कुत्री या कामावर आणली, आणि त्यानंतर इतर विमानतळ, उद्यानं, समुद्रकिनारेही या वाटेने गेले. प्लास्टिकचं घुबड, चमकणाऱ्या फिती, गॅसच्या तोफेचे बार यांना पक्षी थोड्याच दिवसांत सरावतात, कारण ही साधनं कधी त्यांच्या मागे येत नाहीत. कुत्रा येतो. तरीही अनेक ठिकाणी कुत्रा आणूनही महिन्याभरात थवा परत दिसतो, आणि खापर कुत्र्यावर फुटतं. चूक बहुतेक वेळा माणसांच्या नियोजनात असते. पक्ष्यांना त्या एका कुत्र्याचं भय वाटून भागत नाही. ती जागाच त्यांना बेभरवशाची वाटायला हवी. पुढच्या बहुतेक चुका हे न कळल्यामुळे होतात.

धावतो तो चालतो, असं समजणं

आपला पाळीव कुत्रा सोडला की पक्षी उडतात, मग वेगळा प्रशिक्षित कुत्रा कशाला, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. पक्षी उडतात हे खरं, पण कुत्रा भुंकत सैरावैरा पळाला, दमला आणि निघून गेला, की तेही लगेच उतरतात. शिवाय पकडण्याची ओढ असलेला कुत्रा एखाद्या दिवशी पक्षी खरंच पकडतो. मग जखमी पक्षी, संतापलेले लोक आणि कायद्याचा ससेमिरा, तिन्ही एकदम.

बॉर्डर कॉली निवडतात ती मेंढ्या हाकण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या घडवलेल्या स्वभावामुळे. मान खाली, अंग जमिनीलगत, नजर रोखलेली, पावलं सावकाश. पक्ष्याच्या डोळ्यांना हे दबा धरून येणाऱ्या शिकारी प्राण्याचं रूप दिसतं. पण त्या शिकारीच्या साखळीतली शेवटची कडी, म्हणजे चावणं, प्रजननातून आणि शिकवणीतून दाबलेली असते. तिला भुंकावंही लागत नाही. उलट कुंपणाआड किंवा दोरीला बांधून भुंकणारा कुत्रा निरुपद्रवी असतो, हे हंस फार लवकर शिकतात.

कुत्रा निवडताना वेगापेक्षा एकच गोष्ट तपासा: पूर्ण भरात असताना, पक्षी समोर असताना, हाक मारली तर तो थांबतो का? डावीकडून घेर, उजवीकडून घेर, खाली बस, परत ये, एवढ्या आज्ञा लांबून शिट्टीवर पाळल्या गेल्या पाहिजेत. हे नसेल तर त्याला सार्वजनिक जागेत मोकळं सोडूच नका. आणि जिथे सगळ्यांना कुत्रे दोरीवर ठेवायला सांगितलं जातं तिथे काम करणाऱ्या कुत्र्याला सूट आहे हे फलकावर लिहा, हँडलरला, म्हणजे कुत्रा हाताळणाऱ्या माणसाला, उठून दिसणारं जॅकेट द्या. नाहीतर पहिल्याच सकाळी वाद होईल.

ठरलेली वेळ, ठरलेलं फाटक

सर्वात महाग पडणारी चूक हीच. कार्यालयीन कामासारखं वेळापत्रक केलं जातं: सोमवार ते शुक्रवार, सकाळी नऊला, मुख्य फाटकातून, त्याच पांढऱ्या गाडीतून. हंस माणसं, गाड्या आणि वेळा ओळखण्यात पटाईत असतात. गाडी दिसली की ते तळ्याच्या मध्यभागी सरकतात, गाडी गेली की काठावर येतात. शनिवार-रविवार मोकळे मिळाले की सोमवारी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

सुरुवातीचे आठवडे दाट असावे लागतात. दिवसातून अनेक फेऱ्या, आठवड्याचे सातही दिवस, पहाटे आणि तिन्हीसांजेलासुद्धा. मुक्कामाला उतरणारे थवे संध्याकाळी जागा निवडतात, आणि रात्र शांत गेली तर ती जागा त्यांच्या हिशेबात पक्की होते. म्हणून संध्याकाळची फेरी चुकवून सकाळच्या चार केल्या तरी तो तोटा भरून निघत नाही. थवा हटल्यावर फेऱ्या कमी करायच्या, पण एकदम बंद करायच्या नाहीत, आणि कमी करताना त्या जास्तीत जास्त अनियमित ठेवायच्या. कधी दुपारी, कधी मागच्या वाटेने, कधी दुसऱ्या गाडीतून, शक्य असेल तर दुसऱ्या कुत्र्याला घेऊन. कंत्राटाचा महिना संपला म्हणून काम संपत नाही. अंदाजपत्रक करणाऱ्यांना हे पटवून देणं कुत्र्याला शिकवण्यापेक्षा अवघड जातं, पण करार करतानाच देखभालीच्या फेऱ्या त्यात लिहून घ्या.

पाणी सोडून देणं

कुत्रा काठावर आला, हंस पाण्यात गेले, मैदान रिकामं झालं, फोटो निघाला. पण पक्षी कुठेच गेलेले नाहीत. ते शंभर पावलांवर तरंगत वाट बघत आहेत. हंसांसाठी पाणी हा आसरा आहे, आणि आसरा सुरक्षित राहिला तर ते काठ कधीच सोडत नाहीत. पोहणारा कुत्रा किंवा कयाक (वल्ह्याची छोटी होडी) घेऊन हँडलर पाण्यात उतरला, आणि थवा हवेत झेपावून नजरेआड होईपर्यंत दबाव राहिला, तरच फेरी पूर्ण झाली असं धरा. मोठ्या तळ्यावर कुत्र्याला एकट्याला पोहत पाठवू नका. हंस त्याला खोल पाण्यात खेळवतात, आणि दमलेला कुत्रा परत येताना धोक्यात सापडतो.

ऋतू न बघता हाकणं

उत्तर गोलार्धात कॅनडा गूज साधारण मार्च ते मे या काळात अंडी घालतात. अंडी सुमारे २८ दिवस उबवली जातात. पिल्लांना उडता यायला नऊ-दहा आठवडे लागतात. त्याच सुमारास, जून-जुलैत, मोठ्या पक्ष्यांची उड्डाणाची पिसं झडतात आणि जवळपास महिनाभर त्यांनाही उडता येत नाही. या काळात कुत्रा सोडून उपयोग शून्य, कारण जे उडूच शकत नाहीत ते जाणार कुठे? भेदरलेली पिल्लं आईबापांपासून तुटतात, रस्त्यावर येतात, आणि नर हंस कुत्र्यावर तुटून पडतो. त्याच्या पंखाचा फटका चांगलाच जोरदार असतो.

म्हणून खरा हंगाम हिवाळ्याच्या अखेरीचा, जोड्या घरट्याची जागा शोधत असतानाचा. तेव्हा जागा नकोशी झाली तर पुढची अर्धी डोकेदुखी टळते. तक्रारी मात्र उन्हाळ्यात येतात, आणि निविदा तक्रारींनंतर निघते. ही उलटी घडी कुणीतरी बदलायला हवी.

कायद्याचंही भान हवं. अमेरिकेत १९१८ च्या स्थलांतरी पक्षी कायद्याने या हंसांना संरक्षण आहे. त्यांना इजा न करता नुसतं हुसकावण्यासाठी केंद्रीय परवाना लागत नाही, पण घरट्याला किंवा अंड्यांना परवानगीशिवाय हात लावता येत नाही. इतर देशांचे नियम वेगळे आहेत, तेव्हा आपल्याकडचा वनविभाग किंवा तत्सम कार्यालय काय म्हणतं हे कुत्रा आणण्याआधी विचारा.

पाहुण्यांना हाकलायचं आणि पंगत चालू ठेवायची

एका टोकाला कुत्रा फिरतोय आणि दुसऱ्या टोकाला लोक पाव टाकत आहेत, हे दृश्य फार सर्रास दिसतं. खाऊ घालणं थांबल्याशिवाय काहीही टिकत नाही. उघड्या कचरापेट्यांचंही तेच.

दुसरं आमिष म्हणजे आपणच राखलेली हिरवळ. पाण्याला लागून कोवळं, आखूड कापलेलं गवत हंसांना दोन कारणांनी आवडतं: ते खाता येतं आणि त्यातून शत्रू लांबून दिसतो. काठालगतचा पट्टा गुडघाभर वाढू दिला, झुडपं लावली, तर पक्ष्यांना पाण्यातून चालत वर येणं आणि धोका ओळखणं दोन्ही कठीण होतं. कुत्र्याच्या फेऱ्या यामुळेच कमी करता येतात.

थवा कुठे उतरेल याचा विचार न करणं

उडवलेला पक्षी कुठेतरी उतरणारच. शेजारच्या शाळेच्या मैदानावर उतरला तर तुमची तक्रार फक्त दुसऱ्याच्या नावावर गेली. विमानतळावर हीच चूक जीवघेणी ठरू शकते, कारण चुकीच्या क्षणी उडवलेला थवा विमानाच्या वाटेत जातो. तिथे हँडलरकडे रेडिओ असतो आणि नियंत्रण मनोऱ्याच्या परवानगीशिवाय कुत्रा सुटत नाही. वारा, येणारी विमानं आणि पक्ष्यांची सवयीची दिशा बघून घेर कोणत्या बाजूने घालायचा ते ठरतं.

कुत्र्याला यंत्र समजणं

अमेरिकेतल्या मिशिगनच्या चेरी कॅपिटल विमानतळावरचा पायपर हा बॉर्डर कॉली गॉगल आणि कानांवरच्या संरक्षक पट्ट्यांमुळे जगभर ओळखला गेला. लोकांना ती गंमत वाटली, पण इंजिनांचा आवाज आणि उडणारी धूळ यांच्यापासून बचाव हा त्या कामाचा भागच आहे. बागांमध्ये धोका वेगळा. उन्हाळ्यात तळ्यावर निळ्या-हिरव्या शेवाळाचा तवंग आला असेल तर कुत्र्याला पाण्याजवळही नेऊ नका. त्यातलं विष काही तासांत जीव घेऊ शकतं. पक्ष्यांच्या विष्ठेने माखलेल्या जागी काम केल्यावर अंघोळ, लसीकरण, जंताची औषधं, गोचिडांची तपासणी हे आलंच. उकाड्यात बॉर्डर कॉली स्वतःहून थांबत नाही, तिला थांबवावं लागतं.

कबुतरांवर कुत्रा सोडणं

करू नका. कबुतर चार फूट उडून सज्जावर बसतं आणि खाली बघत राहतं. तिथे जाळी, बंद केलेल्या फटी आणि धान्य टाकण्यावर बंदी हेच चालतं. कुत्र्याचा उपयोग मोकळ्या जागी जमिनीवर वावरणाऱ्या मोठ्या पक्ष्यांवर होतो: हंस, बदकं, कुरव म्हणजेच सीगल. शिकागोच्या सरोवरकाठच्या किनाऱ्यांवर कुत्र्यांनी सीगल हटवल्यावर पाण्यातल्या, विष्ठेतून येणाऱ्या ई. कोलाय जीवाणूंचं प्रमाण घटल्याचं संशोधकांनी मोजून दाखवलं आहे. मोजमाप असं हवं. नुसते पक्षी मोजण्यापेक्षा ज्या त्रासासाठी कुत्रा आणला तो मोजा, आणि कुत्रा यायच्या आधीपासून मोजा.

सगळं नीट चाललं असताना संख्या अचानक वाढली तर

लगेच पद्धत बदलू नका. आधी बघा, कुत्रा किती अंतरावर असताना पक्षी उठतात. लांबूनच उडत असतील तर ते बहुधा वाटेत उतरलेले नवे स्थलांतरी. काही दिवस फेऱ्या वाढवा, ते निघून जातील. कुत्रा जवळ येईपर्यंत चरत राहत असतील तर ते सरावलेले जुने आहेत. मग हँडलर, गाडी, वेळ, येण्याची बाजू, जे बदलता येईल ते एकदम बदला. आणि थवा उडून गेला तरी एखाददुसरा पक्षी जागचा हलत नसेल तर कुत्र्याला तिथेच खाली बसवा आणि दुर्बिणीतून पाहा. पंख दुखावलेला असेल, पिसं झडलेली असतील किंवा दोन पावलांवर गवतात घरटं असेल. जखमी असेल तर वन्यजीव उपचार केंद्राला कळवा. घरटं असेल तर तो कोपरा पिल्लं मोठी होईपर्यंत नकाशावरून वगळा.