नंबर प्लेट: आधी आरसी बघा, मग पाटी

गाडी घेताना रंगावर घरात आठवडाभर खल होतो. नंबर प्लेटचा विषय मात्र गाडी दारात उभी राहिल्यावर निघतो, आणि तोवर उशीर झालेला असतो. चॉईस नंबर, देशभर चालणारी बीएच (भारत) मालिका, पांढरी पाटी की पिवळी, हे सगळं नोंदणीच्या अर्जातच ठरतं. पाटीवर फक्त ते उमटतं. म्हणून पाटीबद्दलचा कुठलाही प्रश्न आरसीपासून, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रापासून, सोडवायला घ्यावा. आरसीत जे नाही ते पाटीवर आणता येत नाही.

नंबरातली पहिली दोन अक्षरं आणि दोन आकडे सगळ्यांना पाठ असतात. एमएच म्हणजे महाराष्ट्र, पुढचा आकडा आरटीओ कार्यालयाचा. २० छत्रपती संभाजीनगर, २१ जालना, २२ परभणी, २३ बीड, २४ लातूर, २५ धाराशिव, २६ नांदेड, ३८ हिंगोली आणि ४४ अंबाजोगाई. त्यानंतरची इंग्रजी अक्षरं म्हणजे मालिका आणि शेवटचे चार आकडे म्हणजे तुमचा क्रमांक. मालिकेत इंग्रजी आय आणि ओ ही अक्षरं वापरत नाहीत, कारण ती एक आणि शून्यासारखी दिसतात. नांदेडची गाडी संभाजीनगरला कायमची आणली तरी नंबर बदलत नाही. राज्य तेच असल्याने फक्त पत्ता बदलायचा. त्यासाठी फॉर्म ३३ असतो आणि मुदत ३० दिवसांची. ‘२० पासिंग’ करून देतो म्हणून कोणी यासाठी जादा पैसे मागत असेल तर देऊ नका.

पाटीचा रंग

रंग आवडीने निवडायची गोष्ट नाही. खासगी गाडीला पांढरी पाटी आणि काळी अक्षरं. भाड्याने चालणाऱ्या टॅक्सी, रिक्षा, पिकअप, ट्रकला पिवळी पाटी आणि काळी अक्षरं. ग्राहकाने स्वतः चालवायची भाड्याची कार असेल तर काळी पाटी, पिवळी अक्षरं. इलेक्ट्रिक गाडीची पाटी हिरवी असते. खासगी असेल तर अक्षरं पांढरी, व्यावसायिक असेल तर पिवळी. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरं म्हणजे तात्पुरती नोंदणी. लाल पाटीवर पांढरी अक्षरं म्हणजे गाडी अजून डीलरच्या ताब्यात, त्याच्या ट्रेड सर्टिफिकेटवर, म्हणजे विक्रेत्याला मिळणाऱ्या व्यापार प्रमाणपत्रावर. ती पाटी लावून गाडी घरी न्यायची नसते.

इथे सर्वात महाग पडणारी चूक म्हणजे पांढऱ्या पाटीची सात-आठ आसनी गाडी लग्नसराईत किंवा तुळजापूर-शिर्डीच्या फेऱ्यांना भाड्याने लावणं. परवान्याशिवाय भाडं मारल्याचा दंड १०,००० रुपयांपर्यंत जातो, पण खरा धोका त्याहून मोठा आहे. खासगी विम्यावर भाड्याचे प्रवासी बसलेले असताना अपघात झाला, तर विमा कंपनी दावा नाकारू शकते आणि जखमींची भरपाई मालकाच्या अंगावर येते. वर्षातून चारच भाडी मारायची असली तरी गाडी व्यावसायिक नोंदवा, नाहीतर ती भाडी सोडून द्या.

इलेक्ट्रिक स्कूटर घेतानाही एक प्रश्न विचारायलाच हवा. मोटर २५० वॉटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल, तरच नोंदणी आणि पाटी लागत नाही. ‘पासिंगची गरज नाही’ म्हणून विकलेली गाडी चाळीसच्या वेगाने पळत असेल, तर ती बिननोंदणीची गाडी ठरते. हे दोन्ही आकडे बिलावर लिहून घ्या.

चॉईस नंबर घ्यायचा असेल तर

कारखान्यातून पूर्ण तयार होऊन आलेल्या खासगी गाडीची नोंदणी हल्ली डीलरकडूनच होते आणि नंबर क्रमाने पडतो. एकदा पडला की बदलून मिळत नाही. म्हणून क्रम असा ठेवा: आधी नंबर राखून पावती घ्या, ती डीलरला द्या, मगच त्याला नोंदणीचा अर्ज भरू द्या. दसरा, धनत्रयोदशी, पाडव्याला डीलरकडे घाई असते आणि पावती हातात नसली तर कोणी थांबत नाही. मुहूर्ताच्या दोन-तीन आठवडे आधी हालचाल करा.

परिवहन पोर्टलवर फॅन्सी नंबरचा विभाग आहे. तिथे आपलं कार्यालय निवडलं की चालू मालिकेतले मोकळे नंबर दिसतात. नवी मालिका सुरू होते तेव्हा कार्यालय तशी सूचना काढतं. एकाच नंबराला दोन-तीन अर्ज आले तर लिलाव होतो आणि मूळ शुल्कावर जो सर्वांत जास्त देईल त्याला नंबर मिळतो. कारला दुचाकीच्या मालिकेतला नंबर हवा असेल तर तिप्पट शुल्क पडतं. राज्याने ऑगस्ट २०२४ अखेर दर वाढवले. चारचाकीसाठी ०००१ चं शुल्क ५ लाख रुपये झालं, मोठ्या शहरांत त्याहूनही अधिक. ०००९, ९९९९, ०७८६ अशा नंबरांना अडीच लाख. जन्मतारीख किंवा जुन्या गाडीचाच आकडा हवा असेल, तर तो बहुतेकदा या महागड्या यादीत नसतो आणि खूप स्वस्तात मिळतो. राखलेल्या नंबरावर मुदत असते. त्या मुदतीत गाडीची नोंदणी झाली नाही तर नंबरही जातो आणि पैसेही. गाडीची डिलिव्हरी लांबणार असेल तर आधी डीलरकडून तारीख लेखी घ्या.

नंबर ४१४१ असला म्हणून त्याचं ‘दादा’ करायचं, २१४ चं ‘राम’ करायचं, हे नियमात बसत नाही. अक्षरं इंग्रजी आणि आकडेही इंग्रजी वळणाचेच लागतात, देवनागरी पाटी चालत नाही. मराठीचा अभिमान गाडीच्या काचेवर मिरवावा. पाटी मात्र परराज्यातल्या पोलिसाला आणि कॅमेऱ्यालाही वाचता आली पाहिजे. कारच्या पाटीवर अक्षराची उंची ६५ मिलिमीटर, जाडी १० आणि दोन अक्षरांतलं अंतर १० मिलिमीटर ठरलेलं आहे. रेडियमवाल्याकडून कोरून घेतलेली पाटी यात क्वचितच बसते.

बीएच मालिका कोणाला

सैन्यातले जवान, केंद्र आणि राज्य सरकारचे कर्मचारी, सार्वजनिक उपक्रम आणि सरकारी बँकांतले लोक, तसंच चार किंवा जास्त राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपनीतले कर्मचारी हा नंबर घेऊ शकतात. सप्टेंबर २०२१ पासून ही सोय आहे. नंबर वर्षाने सुरू होतो, मग बीएच, मग चार आकडे आणि अक्षरं. खासगी नोकरदाराला कंपनीकडून फॉर्म ६० आणावा लागतो. कर एकरकमी न भरता दोन-दोन वर्षांचा भरायचा. दर गाडीच्या बिलावर ठरतो: १० लाखांच्या आत ८ टक्के, १० ते २० लाखांत १० टक्के, त्यापुढे १२ टक्के. डिझेलला २ टक्के जास्त, इलेक्ट्रिकला २ टक्के कमी.

बदली खरोखर राज्याबाहेर होत असेल तरच हा नंबर घ्या. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाची बदली कन्नडहून पैठणला होणार असेल तर त्याचा काही उपयोग नाही. दर दोन वर्षांनी कराची तारीख लक्षात ठेवायचं काम तेवढं वाढतं. विकताना घेणारा पात्र नसेल तर त्याला साधी नोंदणी करून राज्याचा कर भरावा लागतो आणि तो ती रक्कम तुमच्या भावातून वळती करतो.

जुन्या गाडीला एचएसआरपी

१ एप्रिल २०१९ पासूनच्या गाड्यांना उच्च सुरक्षा पाटी (एचएसआरपी) डीलरकडूनच लागून येते. त्याआधीच्या गाड्यांसाठी राज्याने पहिली मुदत ३१ मार्च २०२५ दिली आणि ती पुढे अनेकदा वाढवली. पाटी नसेल तर मालकी हस्तांतरण, पत्ताबदल, बँकेचा बोजा उतरवणं अशी कामं अडतात.

दर ठरलेले आहेत: दुचाकी आणि ट्रॅक्टर ४५० रुपये, तीनचाकी ५००, बाकी सर्व वाहनं ७४५. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ५३१, ५९० आणि ८७९ रुपये १० पैसे होतात. केंद्रावर बसवण्याचे वेगळे पैसे नाहीत. घरी बोलावून बसवलं तर वरचा आकार पडतो.

बुकिंग परिवहन विभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच सुरू करा. तिथे कार्यालय निवडलं की ते त्या भागाला नेमलेल्या कंपनीच्या पानावर नेतं. सर्च करून सापडलेल्या पानावर पैसे भरू नका, हुबेहूब दिसणारी खोटी पानं बरीच आहेत. गाडी नंबर, चासी आणि इंजिन नंबरचे शेवटचे पाच आकडे, मोबाइल नंबर एवढं लागतं. केंद्र आणि तारीख निवडा, ऑनलाइन पैसे भरा, पावती ठेवा. केंद्र निवडताना घराजवळचंच बघा, नाहीतर माजलगावची गाडी बीडला न्यावी लागते.

अडतं ते बहुधा माहिती जुळत नाही तिथे. जुन्या आरसी पुस्तकात हाताने लिहिलेला चासी नंबर ऑनलाइन चढवताना एखादा आकडा चुकलेला असतो, किंवा ती गाडी ‘वाहन’ या सरकारी ऑनलाइन नोंदणी प्रणालीत चढलेलीच नसते. दहा वेळा फॉर्म भरून ते सुटत नाही. गाडीवरच्या चासी नंबरचा फोटो आणि मूळ आरसी घेऊन कार्यालयातून नोंद दुरुस्त करून घ्या, मग बुकिंग करा. दुसरी अडचण जुन्या मोबाइल नंबरची. तो परिवहन पोर्टलवर आधी बदलून घ्या. गाडी मागच्या मालकाच्याच नावावर असेल तर त्याला गाठण्यावाचून इलाज नाही.

पाटी बसल्यावर तिथेच उभं राहून तपासा. वरच्या डाव्या कोपऱ्यात २० बाय २० मिलिमीटरचा अशोकचक्राचा होलोग्रॅम असतो, त्याखाली निळ्या रंगात देशाचं तीन अक्षरी संक्षिप्त नाव आणि डाव्या बाजूला खाली लेसरने कोरलेला दहा अंकी क्रमांक. नखाने घासून बघा, तो छापलेला नसून कोरलेला जाणवतो. मोबाइलचा प्रकाश तिरपा पाडा, काळ्या अक्षरांत ४५ अंशांत ‘इंडिया’ शब्द दिसला पाहिजे. मागची पाटी स्नॅप लॉकने बसवतात. तो एकदा दाबला की निघत नाही, काढायचा झाला तर तुटतो. साध्या नट-बोल्टवर बसवून देत असतील तर घेऊ नका. चारचाकीच्या समोरच्या काचेवर आतून तिसरी पाटी म्हणून एक स्टिकर लागतो: पेट्रोल आणि सीएनजीला फिका निळा, डिझेलला नारिंगी. पुढच्या आणि मागच्या पाटीवरचे क्रमांक स्टिकरवरच्या क्रमांकांशी जुळतात का ते बघा, आणि नंतर ऑनलाइन नोंदीत पाटी बसल्याचं आलं का तेही.

हैदराबाद, बिदरहून आणलेली गाडी

देगलूर, बिलोली, उमरगा, उदगीर भागात तेलंगण-कर्नाटकच्या गाड्या स्वस्त म्हणून येतात. १२ महिन्यांपेक्षा जास्त इथे राहणाऱ्या गाडीला महाराष्ट्राचा नंबर घ्यावा लागतो. विकणाऱ्याकडून फॉर्म २८ वरची एनओसी (तिथल्या कार्यालयाचं ना हरकत प्रमाणपत्र) हातात पडेपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका. इथे फॉर्म २७ भरून नवा नंबर मिळतो आणि गाडीच्या वयाप्रमाणे इथला कर बसतो. तो कर धरून हिशेब करा, पुष्कळदा स्वस्ताई तिथेच संपते. आधीच्या राज्यातल्या कराचा परतावा तिथल्या कार्यालयात मागायचा असतो. जुनी पाटी नव्या नंबराला चालत नाही, नवी एचएसआरपी घ्यावी लागते.

ट्रॉली आणि उसाचा हंगाम

ट्रॉलीची नोंदणी ट्रॅक्टरपासून वेगळी असते आणि तिचा नंबर तिच्या बाजूवर लिहायचा असतो. त्याखेरीज ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा नंबर सर्वांत मागच्या ट्रॉलीच्या पाठीमागे लागतो. दोन ट्रॉल्या जोडल्या की हे हमखास विसरतं, आणि उसाच्या मोळ्या खाली लोंबून उरलासुरला नंबरही झाकला जातो. मोळ्या पाटीच्या वर बांधा आणि रिफ्लेक्टरही उघडे ठेवा. कोणत्याही गाडीची मागची पाटी रात्री पांढऱ्या दिव्यात १५ मीटरवरून वाचता यावी असा नियम आहे. तो बल्ब पाच मिनिटांत बदलतो.

काळ्या मातीचा चिखल पाटीवर वाळला की दगडासारखा होतो. तो सुरीने किंवा तारेच्या ब्रशने खरवडला तर अक्षरांवरची काळी फिल्म निघते. ओलं फडकं दहा मिनिटं पाटीवर चिकटवून ठेवा, मग पुसा. थिनर, पेट्रोल लावू नका. पाटीभोवतीची फ्रेम होलोग्रॅम किंवा लेसर क्रमांक झाकत असेल तर काढून टाका. पाटी वाकली, तुटली तर तुटकी घेऊन केंद्रावर जा, तेवढीच एक नवी मिळते. चोरीला गेली असेल तर आधी पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवा आणि तिची प्रत जपून ठेवा. तुमच्या नंबरावर दुसऱ्याच गाडीचं ई-चलन आलं तर तीच कामाला येते.