बोटाची घाई: फोटोवरून फिल्मकडे वळताना या चुका टाळा

पहिल्या दिवसाचं शूटिंग घरी आणून लॅपटॉपवर लावलं आणि घाम फुटला. रोवणीचे म्हणजे भातलावणीचे दिवस, बांधीत (धानाच्या शेतात) गुडघाभर चिखल, ओळीने वाकलेल्या बाया, मागे काळे ढग. बारा वर्षं लग्नं आणि बारशी काढलेला माणूस मी, फ्रेम थोडीच चुकणार? फ्रेमा खरंच झकास होत्या. पण 41 क्लिपांमधली एकही पाच सेकंदांच्या वर नव्हती. मावशी पऱ्ह्यांची जुडी सोडते, वाकते, आणि संपलं. रोप चिखलात गेलं का, शेजारणीला ती काय बोलली, काही नाही. व्हिडिओचं बटण दाबून मी फोटोच काढले होते.

बाकीच्या निम्म्या चुका याच सवयीतून निघतात. नेमका क्षण आला की फोटोवाल्याचं बोट दाबतं आणि लगेच सुटतं. एडिटिंगला बसल्यावर मात्र त्या क्षणाच्या अलीकडचं आणि पलीकडचंच लागतं, कारण एक शॉट दुसऱ्याला जोडायचा तो तिथे. म्हणून रेकॉर्ड दाबल्यावर मनात पाचपर्यंत मोजा, मग काम सुरू होऊ द्या. काम संपलं की दहापर्यंत मोजा. माणूस फ्रेममध्ये येतो तसा बाहेरही जाऊ द्या. सुरुवातीला हे दहा आकडे जीव खातात.

दुसरं, एकाच सुंदर फ्रेमच्या प्रेमात पडणं. रोवणीचा एक देखणा वाइड शॉट अर्धा मिनिट कोणी पाहत नाही. हात, चेहरा, पाण्यातली पावलं, बांधावर ठेवलेला डबा, ती मान वर करून जिकडे पाहते ते, असे पाच-सहा तुकडे लागतात. आणि ते घेताना बाजू सांभाळायची. ही गोष्ट मला पटावर, म्हणजे बैलांच्या शर्यतीत कळली. शंकरपटात बैल डावीकडून उजवीकडे धावत होते. ऊन डोळ्यांवर येतं म्हणून दुसऱ्या जोडीला मी दाणीच्या (धावपट्टीच्या) पलीकडे जाऊन उभा राहिलो. दोन्ही शॉट जोडले तर पहिली जोडी निघाली आणि दुसरी तिला सामोरी येते आहे असं दिसलं. धावेची एक कल्पित रेघ धरा आणि सगळे शॉट तिच्या एकाच बाजूने घ्या. पलीकडे जायचंच असेल तर मध्ये अगदी समोरून किंवा मागून घेतलेला एक शॉट टाका.

कॅमेरा उभा धरण्याची सवय मात्र पहिल्या दिवशीच सोडा. रील करायची असेल तर गोष्ट वेगळी.

आता उन्हाचं. फोटोत आपण बिनधास्त 1/2000 शटर लावतो, म्हणजे सेकंदाचा दोन हजारावा भाग. व्हिडिओत तेच लावलं की धावणारे बैल झटके खात पळतात, उडालेला चिखल टोचल्यासारखा दिसतो. साधा हिशोब असा, की शटर फ्रेम रेटच्या साधारण दुप्पट ठेवायचं. सेकंदाला 25 फ्रेमा, तर शटर 1/50. पण मग प्रकाश आवरत नाही. भर उन्हात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) 100 आणि शटर 1/50 असेल तर अॅपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, एफ/22 पर्यंत बंद करावं लागतं, आणि मागचं झाडंझुडपं सगळं समोरच्या माणसाइतकंच ठळक होतं. भोक मोठं करून एफ/2.8 वर यायचं तर सहा स्टॉप प्रकाश अडवावा लागतो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा). ते काम एनडी फिल्टरचं, म्हणजे लेन्सच्या काळ्या चष्म्याचं. सहा स्टॉपसाठी एनडी 64 लागतो. नवीन लेन्सच्या आधी हा घ्या. माझं उलटं झालं, आधी लेन्स घेतली आणि दोन महिने दुपारी हात बांधून बसलो.

व्हिडिओ मोडमध्ये डीएसएलआरचा आतला आरसा वर जातो, त्यामुळे व्ह्यूफाइंडरमधून अंधार दिसतो. पाहायचं मागच्या स्क्रीनवर, आणि उन्हात तीही दिसत नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात डोक्याला दुपट्टा असतोच, तोच कॅमेऱ्यावर आणि डोक्यावर ओढून घ्यायचा. लोक हसतात, हसू द्या. डोळा कॅमेऱ्याला टेकलेला नसल्याने हातही जास्त हलतो. पट्टा गळ्यात अडकवून कॅमेरा पुढे ताणून धरला की बरंच स्थिर राहतं.

सगळ्यात जास्त मार मी नाटकात खाल्ला. दिवाळीनंतर आमच्याकडे मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा सुरू होतात आणि मंडई म्हटली की रात्रभर नाटक. मी हौसेने शूट केलं आणि पडद्यावर बघतो तर काळ्या पट्ट्या वरून खाली सरकताहेत. कॅमेरा बिघडला म्हणून दुरुस्तीला न्यायला निघालो होतो. बिघाड काहीच नव्हता. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून तिच्यावरचे बरेच दिवे सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतात. शटर 1/50 किंवा 1/100 असेल तर प्रत्येक फ्रेमला सारखाच प्रकाश मिळतो. माझ्या मेनूत व्हिडिओ सिस्टिम एनटीएससी होती, म्हणजे 30 फ्रेमा आणि 1/60. ती बदलून आपल्याकडची पाल (PAL) केली, 25 आणि 1/50 वर आलो, बहुतेक पट्ट्या गेल्या.

बहुतेक म्हणतो, कारण मंडपात वीज जनरेटरची असते. लोड वाढला की जनरेटरचा वेग थोडा पडतो, हर्ट्झही पडतात, आणि पट्टी पुन्हा हळूच सरकायला लागते. स्टेजवरचे रंगीत एलईडी दिवे (पार लाइट) मंद केले की त्यांची लुकलुक तर वेगळ्याच गतीची असते. तिथे शटर एकेक पायरी वरखाली करत स्क्रीनवर बघायचं, सगळ्यात कमी त्रास जिथे, तिथे थांबायचं. हे पहिल्या अंकाच्या आधी करा. आणि व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, ऑटोवर ठेवू नका. लाल दिव्यात नायिका रडते आणि कॅमेरा शॉट चालू असताना तो लाल ‘दुरुस्त’ करत बसतो.

रंग नंतर सुधारू, हीसुद्धा फोटोवाल्याचीच बोली. रॉ फोटोत, म्हणजे सेन्सरची सगळी माहिती राखणाऱ्या फाइलमध्ये, ते चालतं. साध्या डीएसएलआरचा व्हिडिओ 8 बिटचा, म्हणजे रंगांच्या कमी छटांचा, आणि दाबून लहान केलेला असतो. पांढरं धोतर एकदा जळलं की त्यातून घडी परत येत नाही. एक्सपोजर चेहऱ्यावर धरा, पण पांढऱ्या कपड्यावर नजर ठेवून. किटच्या 18-55 लेन्सने शॉट चालू असताना झूम केलं तर अॅपर्चर बदलून उजेडही बदलतो. म्हणून चालू शॉटमध्ये झूम नकोच.

आवाजाला फोटोत जागाच नसते, म्हणून तो आपल्याला सुचतही नाही. मालगुजारी तलावाच्या पाळीवर बसून एक काकाजी कोहळी लोकांनी हे तलाव कसे बांधले ते रंगून सांगत होते. मी वीस फुटांवरून कॅमेऱ्याच्याच माइकवर घेतलं. रेकॉर्ड झालं काय, तर वारा, फोकस मोटरची कुरकुर आणि माझा श्वास. कॅमेरा घेतानाच बघा की बाहेरचा माइक लावायला जागा आहे का. कॅननच्या 1500डी ला ती नाही, 200डी ला आहे. नसेल तरी अडत नाही. कॉलर माइक फोनला लावा, फोन बोलणाऱ्याच्या खिशात द्या, सुरुवातीला आणि शेवटी कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा. त्या टाळीवर दोन्ही आवाज जुळवायचे. लांब रेकॉर्डिंगमध्ये दोन यंत्रांची चाल थोडी चुकते, ते शेवटच्या टाळीवरून कळतं. फोनच्या रेकॉर्डरमध्ये सॅम्पल रेट 48 किलोहर्ट्झ निवडा. आवाजाची लेव्हल ऑटोवर ठेवली तर माणूस गप्प झाला की सूंऽ वाढत जातो. ती हाताने लावा, मोठ्यात मोठा आवाज मीटरवर उणे 12 डेसिबलच्या आसपास.

आणि जागेचा नुसता आवाज एक मिनिट घ्या, कोणी न बोलता. काकाजींच्या मागे मोटर पंप चालू होता. बोलण्यातले अडखळे कापले की प्रत्येक काप्यावर पंपाचा आवाज उडी मारायचा. ते एक मिनिट खाली अंथरलं असतं तर उडी लपली असती. दुसऱ्या दिवशी ते घ्यायला गेलो, तर पंप बंद, लाइन गेलेली.

मशीनचं थोडक्यात सांगतो. जुने डीएसएलआर 29 मिनिटं 59 सेकंदांवर आपोआप थांबतात, काही तर 4 जीबीची फाइल भरली की त्याआधीच. अंक चालू असताना हे कळणं फार वाईट, म्हणून गाणं संपलं की स्वतःच थांबवून पुन्हा सुरू करा. कार्ड व्ही30 चं (सेकंदाला किमान 30 एमबी लिहिणारं) घ्या. मे महिन्यात आमच्याकडे पारा 45 च्या पार जातो आणि व्हिडिओत सेन्सर सतत चालू असतो. मध्ये मध्ये बंद करून कॅमेरा सावलीत ठेवा. बॅटऱ्या तीन तरी हव्यात.

राहिली माणसं. डीएसएलआर दिसला की गावात सगळे फोटोला उभे राहतात, हात सरळ, मान ताठ. एका काकाजींना मी म्हटलं, “काकाजी, फोटो नाही, व्हिडिओ आहे. धान चुरत राहा.” ते म्हणाले, “हो जी,” आणि तीन मिनिटं काठी धरून न हलता उभे. परवानगी आधीच घेतलेली असते, तेव्हा आता मी कॅमेरा ट्रायपॉडवर लावतो, रेकॉर्ड दाबतो, बाजूला जाऊन बसतो आणि यंदा भाव काय मिळाला ते विचारतो. त्या दिवशीही तेच केलं, आणि काकाजी भावावर जे बोलायला लागले, ते अजून माझ्या हार्ड डिस्कवर आहे, 17 मिनिटं, एका क्लिपमध्ये.